रूथबाई शेणव्यात एकट्या वाजवतात

रूथबाई गायकवाड, माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं की माझ्या तोंडात तुमचं नाव आधी येतं आणि आईचं नंतर. आईला हे माहीत आहे आणि तिला त्याचं वाईट वाटत नाही. "जल्म मी दिला, साहेब बाईनं केला," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. मी साहेब नाही, पंचायतीत कारकून आहे. पण आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेला मी पहिला, आणि तिथवर तुम्ही मला नेलंत.

तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही. शाळेत शोकसभा झाली. त्यात तुमचा जन्म, तुमचं शिक्षण, परदेशातली वर्षं, सगळं वाचून दाखवलं. वाचणाऱ्याने 'व्हायोलिनवादनाची आवड होती' असं म्हटलं. आवड! मी मागच्या बाकावर बसलो होतो. उठून काही सांगावं असं वाटलं, पण काय सांगणार होतो? त्या सभेत तुम्हाला वाजवताना ऐकलेला मी एकटाच होतो, आणि मी जे ऐकलं ते सभेत सांगण्यासारखं नव्हतं.

म्हणून इथे तुमच्याशीच बोलतो.

नव्वदच्या दशकात तुम्ही शहापूरला आलात तेव्हा मी शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो. परीक्षानळ्या धुवायच्या आणि बाहेरून बी.ए.चा अभ्यास करायचा. तुमचा भाऊ इथे दवाखाना चालवायचा. तो अचानक गेला. मागे वहिनी आणि लहान मुलगी. तुम्ही सहा महिन्यांसाठी म्हणून हॉलंडहून आलात, शाळेत इंग्रजी शिकवायला लागलात आणि परत गेलाच नाहीत. एकदा प्रयोगशाळेत माझं पुस्तक उघडं पडलेलं तुम्ही पाहिलंत आणि विचारलंत, "हे कोण वाचतं?" मी म्हटलं, "मी." तुम्ही म्हणालात, "मग नळ्या धुऊन झाल्या की घरी ये."

पहिल्या दिवशी घरी आलो आणि मोठाच घोळ केला. तुमच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या फटीतून उजेड येत होता. भर दिवसा, आत दिवा! मला वाटलं बाई विसरल्या. मी बटण बंद केलं. तुम्ही चहा घेऊन आलात आणि ओरडलात, "अरे, लाव, लाव! माझं सगळं आयुष्य आहे त्यात!"

मी घाबरून दिवा लावला. मग तुम्ही कपाट उघडून दाखवलंत. आत व्हायोलिन होतं, खाली घमेल्यात कोळसा आणि चुन्याची कळी, आणि वर तो दिवा जळत होता. हवेतली ओल जावी म्हणून. शहापूरच्या हवेत त्या वाद्याचा जीव जगवायला तुम्ही एवढा खटाटोप करायचात, आणि भारनियमन सुरू झाल्यावर रोज संध्याकाळी दिवा गेला की कपाटाच्या दाराला हात लावून उभ्या राहायचात.

त्याच दिवशी मला कळलं की तुमचं व्हायोलिन ऑर्केस्ट्रातल्यासारखं नाही. हनुवटी टेकवायची पट्टी नाही. गज आखूड, आणि धनुष्यासारखा बाहेर वाकलेला. तारा स्टीलच्या नाहीत, मेंढीच्या आतड्याच्या, ज्यांना पिंजारी तात म्हणतो त्या. सूरही आजच्या व्हायोलिनपेक्षा थोडा खाली लावलेला. युरोपात तीनशे वर्षांपूर्वी जसं वाजवायचे तसंच वाजवायचं, त्याच तारांवर, तशाच गजानं, त्या काळच्या वादकांनी लिहून ठेवलेलं वाचून, असं करणारे लोक तिकडे आहेत आणि तुम्ही त्यांच्यातल्या एक होतात, हे तुम्ही मला सांगितलंत. नगरच्या चर्चमध्ये वडिलांकडे शिकलेली मुलगी तिथवर कशी पोचली, हे मी विचारलं तर म्हणालात, "एक रेकॉर्ड ऐकली. वाटलं, आजवर मी हे काचेतून बघत होते. कुणीतरी काच काढली."

माझ्या डोक्यात ते शिरेना.

"पण बाई, मुंबईला स्टीलच्या तारा मिळतात ना?"

"मिळतात."

"त्या तुटत नाहीत, ओलीनं हलत नाहीत."

"खरंय."

"मग?"

"ज्यानं हे लिहिलं त्याच्या कानात स्टील नव्हतं, काशिनाथ."

"त्याच्या घरात लाइटपण नव्हती."

तुम्ही इतक्या हसलात की वहिनी बघायला आल्या. पण मी विनोद करत नव्हतो. आपलं हे भांडण तेव्हा सुरू झालं आणि शेवटपर्यंत मिटलं नाही. आमच्याकडे जुनं म्हणजे धुरानं लाल झालेले डोळे, नदीपलीकडची शाळा, रस्ता नाही म्हणून झोळीत घालून नेलेली बाळंतीण. त्यातून बाहेर पडायला मी रात्रंदिवस अभ्यास करत होतो. आणि तुम्ही विमानानं जगाच्या त्या टोकाला जाऊन, सगळं नवं हाताशी असताना, मेंढीच्या आतड्याकडे परत गेला होता. मला राग यायचा. तुम्ही म्हणायचात, "जुनं आहे म्हणून नाही रे. त्याला काय ऐकू येत होतं ते मला ऐकायचंय." मी म्हणायचो, "ऐकून काय करणार?" हा प्रश्न मी फार वेळा विचारला. आता वाटतं, थोडा कमी वेळा विचारला असता तर चाललं असतं.

हॉलंडमध्ये तुम्ही दहा-बारा वर्षं वाजवलंत. चर्चमध्ये, जुन्या वाड्यांत, छोट्या-छोट्या वाद्यवृंदांत. पण कायम दुसऱ्या रांगेत. एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेली एक जुनी मालिका होती. सोबतीला कुणी नाही, ताल नाही, दुसरं वाद्य नाही. ती तुम्ही तिकडे शिकलात, पण एकटीनं वाजवायला तुम्हाला कुणी उभं केलं नाही. ती मालिका तुम्ही शहापुरात वर्षानुवर्षं घोटलीत. दार लावून. पावसाळाभर व्हायोलिन कपाटात, कारण ओलीत तात जागेवर राहत नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की बाहेर काढायचं, आणि होळीपर्यंत वाजवायचं. वर्षातले तेवढे महिने तुमचे. वहिनी म्हणायच्या, "आमच्या बाईंचा हंगाम सुरू झाला."

एकदाच म्हणालात, "ते एकदा माणसांसमोर वाजवायचंय, काशिनाथ. एकदाच. नंतर मग काही नाही." एवढंच मागणं होतं तुमचं.

तारा संपत आल्या तेव्हा आपण दोघं म्हसा गावच्या जत्रेला गेलो होतो, आठवतं? हॉलंडहून येणारं पाकीट कुठेतरी अडकलं होतं. बैलांच्या गर्दीतून, घोंगड्यांच्या दुकानांमागून आपण एका पिंजाऱ्यापाशी पोचलो.

"बाय, गाद्या किती?"

"गादी नाही. तात हवीय. बारीकशी."

"तात नेऊन काय करशील? पिंजायला मानूस लागतो."

मी म्हटलं, "बाई वाजवतात त्याच्यावर."

त्यानं कापसाच्या धनुकलीवर टोला मारला. धुंग, धुंग. "आमी पन वाजवतोच की दिवसभर. पन पैसे कापसाचे मिलतात."

तुम्ही रस्ताभर ते वाक्य म्हणत हसत होता. ती तात फार जाड निघाली आणि तिला वास येत होता. तरी एक हंगाम तुम्ही ती खालच्या तारेच्या जागी चालवलीत, आणि तुमच्या खोलीत शिरलं की म्हशाची जत्रा आठवायची.

मी बी.ए. झालो तेव्हा आईनं तुम्हाला आमच्या गावी, शेणव्याला, जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर तुम्ही आमच्या माजघरात मधोमध उभ्या राहिलात आणि एक टाळी वाजवलीत. मग कोपऱ्यात जाऊन दुसरी. आई माझ्याकडे बघायला लागली. कुडाच्या भिंती, मातीची जमीन, सागाचे खांब, वर कौलं. तुम्ही म्हणालात, "इथं."

"इथं काय?"

"इथं वाजवेन."

मी हात जोडले. "बाई, हे घर आहे. शाळेत हॉल आहे. स्टेज आहे, पंखे आहेत, फरशी आहे."

"वर पत्रा पण आहे. तिथं माझा आवाज पत्र्याला आपटून कुठल्या कुठे जाईल. ही खोली तो धरून ठेवते. लोक किती बसतील?"

आई म्हणाली, "दाटीवाटीनं बसलं तर अख्खी आळी बसंल गो बाय."

ठरलं. पुढच्या पौषात, जत्रा उरकल्यावर, हवा सगळ्यात कोरडी असते तेव्हा. त्यानंतर मी तुम्हाला जेव्हा जेव्हा पाहिलं, तेव्हा तुमची डाव्या हाताची बोटं टेबलावर चालत असायची. वहिनी सांगायच्या, जेवतानासुद्धा चालतात.

तो दिवस आला. मी तुम्हाला आणायला शहापूरला गेलो. तुम्ही निळी साडी नेसला होता. जीपमध्ये पेटी मांडीवर धरून बसलात आणि वाटभर तुमची बोटं तिच्यावर चालत होती. आमच्या दाराशी उतरलो आणि मला वास आला. ताज्या शेणाचा.

घरात कुणी मोठं माणूस येणार म्हटल्यावर आमच्याकडे काय करतात, हे मला जन्मापासून माहीत होतं. तरी माझ्या डोक्यात आलं नाही. आईनं सकाळपासून आळीतल्या बायका लावल्या होत्या. जमीन सारवली, भिंती लिंपल्या, अंगणात सडा घातला, उंबऱ्याशी रांगोळी काढली. थंडीच्या दिवसांत ते कुठलं लवकर वाळतंय? सगळं माजघर ओलं होतं. तुम्ही उंबऱ्यात वाकलात, जमिनीला तळवा लावलात, आणि तिथेच थोडा वेळ वाकलेल्या राहिलात. आई पदर सावरत, हसत पुढे आली.

"बाय, तुमी येनार नि कोरडी जमीन ठेवू काय? बघा, भिती पन सारवल्या."

तुम्ही उठलात आणि म्हणालात, "किती सुरेख केलंत हो, आई."

मी तुमच्या कानाशी म्हटलं, "शाळेत जाऊ या. चावी आणतो."

"लोक बसलेत, काशिनाथ."

खरंच बसले होते. घोंगड्या अंथरून, पोरं मांडीवर घेऊन, अख्खी आळी. तुम्ही पेटी उघडलीत, सूर लावायला घेतलात. लागेना. एक तार जुळवावी तर दुसरी हललेली असायची. खुंटी फुगून अडकली. तुम्ही पाठ वळवून तिच्याशी झटत होता आणि मागे कुजबुज चालली होती.

"अजून चालू नाय झाला?"

"थांब ना गो. आधी मशीन लावायला लागतं."

"रेडिओ पन असाच खरखरतो."

आई जवळ आली. "बाय, चुलीशी धरू काय जरा? वालंल."

तुम्ही तिला शांतपणे सांगितलंत की हे लाकूड सरसानं चिकटवलेलं असतं, ऊब लागली तर सुटेल. आई म्हणाली, "मग नको गो, तुमचं महागाचं असंल." तेवढ्यात वरची तार तुटली. तिचा तो बारीक आवाज झाल्यावर एका म्हाताऱ्यानं "वा" म्हटलं. तुम्ही नवी तार चढवलीत. नवी तात बसायला एक दिवस लागतो, हे तुम्हीच मला शिकवलं होतं.

मग तुम्ही वाजवलंत. पहिला भाग संपवलात, दुसरा संपवलात. तिसऱ्याच्या मधे गज उचललात आणि पुन्हा टेकवला नाहीत. नमस्कार केलात. लोकांना वाटलं संपलं. टाळ्या झाल्या. आईनं तुमच्या हातात नारळ दिला, कपाळाला कुंकू लावू का म्हणून विचारलं, आणि तुम्ही लावून घेतलंत. बायकांनी तांदळाच्या भाकऱ्या वाढल्या. तुम्ही जेवलात. एका बाईनं विचारलं, "ह्याला शिकायला किती टाइम लागतो गो?" तुम्ही म्हणालात, "अजून शिकतेय." सगळ्या हसल्या.

परतताना जीपमध्ये तुम्ही एकच वाक्य बोललात. "तुझ्या आईला सांगायचं नाही. कधीच."

मी सांगितलं नाही. आजही आई आल्यागेल्याला सांगते की हॉलंडवाली बाई आमच्या घरात वाजवून गेली. ते ऐकताना मला उठून बाहेर जावं लागतं. तिनं जे केलं ते मायेनं केलं, त्याहून जास्त काही तिच्याकडे नव्हतं. आणि तुम्ही ज्याची वाट आयुष्यभर पाहिलीत, ते त्या मायेखालीच गेलं. यात मी कुणावर रागावू, ते सांगा. मला रागावायला कुणीतरी हवं होतं, बाई. फार हवं होतं.

तुम्ही म्हणालात, पुढच्या हंगामात पुन्हा करू. पुढच्या दिवाळीला तुमचा खांदा दुखायला लागला. गज उचलेना. डॉक्टर आधी म्हणाले वय आहे, मग म्हणाले फोटो काढा, आणि मग पुढचं कुणी धड बोलेना. कपाट त्या वर्षी उघडलंच नाही. दिवा मात्र वहिनी लावत राहिल्या.

ठाण्याच्या हॉस्पिटलात मी तुम्हाला दोनदा भेटलो. दुसऱ्यांदा आलो तेव्हा तुमच्या घशात नळी होती. तुम्ही माझा हात धरून ठेवलात आणि मी पंचायतीतल्या बदल्यांविषयी काहीतरी बडबडत राहिलो. वेडा! विचारायचं एवढं होतं, आणि मी बदल्या सांगत होतो. नंतर वहिनींचा फोन आला. तुम्ही पाटीवर लिहून दिलं होतं, ते त्यांनी वाचून दाखवलं. "त्या संध्याकाळी शेणव्याला काय ऐकलंस ते लिहून पाठव. 'छान' लिहिलंस तर फाडून टाकीन."

माझे इंग्रजी निबंध तुम्ही तपासायचात तेव्हा 'छान', 'अतिशय सुंदर' असे सगळे शब्द लाल शाईनं खोडायचात. "कसं छान? काय पाहिलंस ते सांग." म्हणून मी खरं लिहिलं. लिहायला चार दिवस घेतले.

पत्र वेळेवर पोचलं. वहिनींनी ते तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही खूण करून पुन्हा वाचायला लावलंत. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत, आणि मग पाटी मागितली नाहीत. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

भिंतीकडे का वळलात, हे मला आता कोण सांगणार? वहिनींना विचारलं तर म्हणतात, "दमल्या असतील रे." मी ते पत्र मनात शंभरदा फाडलं आहे. एक खोटा शब्द घातला असता, तर तुम्ही तोंड इकडे ठेवून गेला असतात का? की त्या एका शब्दानंच वळला असतात? मला कळत नाही, आणि आता कळणारही नाही. पत्राचा कच्चा खर्डा माझ्याजवळ आहे. तो जसाच्या तसा उतरवतो. याहून जास्त माझ्याकडे काही नाही.

*

आदरणीय बाई,

सा. न.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. 'छान' लिहीत नाही.

त्या संध्याकाळी पहिल्या भागात मला संगीत ऐकू आलं नाही. सूर जागेवर राहत नव्हता, हे माझ्यासारख्यालाही कळत होतं. प्रत्येक सुरावर तुम्ही बोट आधी एका ठिकाणी ठेवत होता आणि मग हलवत होता. डोक्यावर भारा घेऊन ओल्या बांधावरून जाणाऱ्या माणसाकडे बघताना आपले पाय आखडतात, तसं मला होत होतं. मी ऐकत नव्हतो. तुम्ही पडू नये एवढंच बघत होतो.

दुसऱ्या भागात तुम्ही तारांशी झगडणं सोडलंत. त्या जिथे गेल्या होत्या तिथेच तुम्ही गेलात. ते चूक होतं की बरोबर, मला ठरवता येत नाही. ऐकायला बरं वाटलं नाही.

तिसऱ्या भागात, थांबण्याच्या थोडं आधी, एक जागा आली. पाच-सहा सूर असतील. हळू होते. ते खरे लागले. मला ते लगेच कळलं, कारण अंगावर काटा आला आणि मी मान वर केली. तेव्हा सगळी आळी गप्प झाली होती, असं लिहिणार होतो, पण झाली नव्हती. एक मूल खोकत होतं, ते खोकतच राहिलं. माझ्या मागे दोघी बोलत होत्या, त्या बोलतच राहिल्या. तुम्ही स्वतः तरी ते ऐकलंत का, हेही मला माहीत नाही. तुमचा चेहरा बदलला नाही.

तेवढ्या पाच-सहा सुरांवरून सगळी मालिका कशी असेल हे मला समजलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. नाही समजलं. मला एवढंच समजलं की बाकीचं आहे. ते तुमच्यापाशी आहे, आणि त्या दिवशी ते आम्हाला मिळालं नाही.

ऐकून काय करणार, असं मी तुम्हाला नेहमी विचारायचो. आता विचारत नाही. मला ते ऐकायचं आहे. त्याचं मी काही करणार नाही, फक्त ऐकणार आहे.

औषधं वेळेवर घ्या. वहिनींना सांगा, मी रविवारी येतो.

तुमचा,
काशिनाथ